बाळंतिणीचा 'दूध वाढवायचा चहा' आणि चालू असलेल्या गोळ्या: एकत्र चालतात का?

इंदिरानगरची_माहेरवाशीण (९ डिसेंबर, पहाटे ३:१०)

नमस्कार. माझं बाळ आज ३७ दिवसांचं झालं. सिझर झालं, सध्या माहेरी इंदिरानगरला आहे. नवव्या महिन्यात बीपी वाढलं होतं, त्यासाठी लॅबेटालॉल अजून सुरू आहे, दिवसातून दोनदा. थायरॉईडची गोळी लग्नाच्या आधीपासून आहे. शिवाय लोहाची आणि कॅल्शियमची गोळी.

तिसऱ्या आठवड्यापासून दूध कमी पडतंय असं वाटायला लागलं. बाळ पिऊन झालं की पुन्हा रडतं, छाती पूर्वीसारखी भरून येत नाही. मावशीने ऑनलाइन एक 'स्तनपान चहा' मागवून दिला. दहा दिवस झाले, रोज तीन कप घेतेय. आत्ता बाळाला पाजत बसले होते तेव्हा सहज डबा फिरवून वाचला: मेथी, बडीशेप, शतावरी, ज्येष्ठमध, पिंपळी, जिवंती. आईचं म्हणणं, "यातलं काय नवीन आहे? सगळं आपल्याच स्वयंपाकघरातलं." मलाही तसंच वाटलं होतं. पण काल संध्याकाळी घरच्या मशीनवर बीपी १५०/९६ आलं. गेल्या महिन्यात १३० च्या आसपास होतं. डॉक्टर गावाला गेलेत, सोमवारी येतील.

या चहाचा आणि माझ्या गोळ्यांचा काही संबंध असू शकतो का? कोणाला माहिती असेल तर सांगा, झोप लागत नाहीये.

औषधवाला_कॉलेजरोड (९ डिसेंबर, सकाळी ७:०५)

ताई, मी फार्मसिस्ट आहे. चहाचं नंतर बोलू, आधी बीपीचं. सोमवारची वाट बघू नका. जिथे बाळंतपण झालं तिथे आत्ता फोन करा आणि आकडा सांगा. तुमचे डॉक्टर नसले तरी ड्यूटीवर कोणी ना कोणी असतंच. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांपर्यंत बीपी अचानक वर जाऊ शकतं. डोकं खूप दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा काजवे चमकले, उजव्या बरगडीखाली दुखलं, धाप लागली किंवा आकडा १६०/११० ला पोचला, तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठा. बाळाला सोबत न्या आणि ३७ दिवसांपूर्वी बाळंतपण झालंय हे तिथे पहिल्या वाक्यात सांगा.

आता चहा. तुमच्या यादीतला मला खटकलेला घटक ज्येष्ठमध. त्यात ग्लिसिरायझिन असतं. मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्क्रिय करत असतं, ग्लिसिरायझिन त्या विकराला अडवतं. मग शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं आणि बीपी चढतं. म्हणजे गोळी बीपी खाली ओढतेय आणि चहा वर ढकलतोय. घसा बसला म्हणून दोन दिवस काडी चघळणं वेगळं आणि दहा दिवस रोज तीन कप वेगळं. कोणी सूज उतरायला लघवीची गोळी घेत असेल, तर पोटॅशियम दोन्हीकडून घसरतं. हृदयासाठी डिगॉक्सिन सुरू असेल तर ते आणखी धोक्याचं.

तुमचं बीपी चहानेच वाढलं असं मी म्हणत नाही, ते इथून कोणालाच कळणार नाही. पण डॉक्टरांशी बोलणं होईपर्यंत चहा बंद ठेवा. बीपीची गोळी मात्र स्वतःहून बंद किंवा कमी-जास्त करू नका.

निफाडची_काकू (९ डिसेंबर, सकाळी ८:४०)

पोरी, आधी दवाखान्यात फोन कर. बाळाचं आम्ही नंतर विचारू.

मी स्वतःची दोन आणि लेकी-सुनांची मिळून सात बाळंतपणं काढली. निफाडच्या थंडीत शेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, बाळंतशेप, मेथीचे लाडू, सगळं केलं. आमच्या काळात कोणाला बीपीची गोळी नव्हती, थायरॉईड तपासलंच जात नव्हतं. आता माझ्याच धाकट्या सुनेला दोन्ही आहे. म्हणून औषधवाल्या दादांना विचारते, लाडूही बंद करायचे का? का फक्त डब्यातला चहा? तिच्यासाठी या आठवड्यात रविवार कारंज्यावरून सामान आणायचं ठरलंय, त्याआधी कळलं तर बरं.

औषधवाला_कॉलेजरोड (९ डिसेंबर, सकाळी ९:१५)

काकू, लाडू बंद करायला नको. भाजीतली, लाडवातली मेथी हे अन्न आहे, अडचण येते ती पूड, कॅप्सूल किंवा अर्क औषधासारखा मोजून रोज घेतल्यावर. सूनबाईंची थायरॉईडची गोळी मात्र पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि खीर-लाडू त्यानंतर तासाभराने. हळीव मोहरी-कोबीच्या कुळातला आहे, थायरॉईड असलेल्या बाईने तो वाडगाभर रोज खाऊ नये, अधूनमधून लाडू ठीक आहे. मधुमेह असेल तर लाडवातला गूळ हिशोबात धरायचा.

वैद्य_पंचवटी (९ डिसेंबर, दुपारी १:३०)

आयुर्वेदाचा पदवीधर आहे, २२ वर्षं पंचवटीत चिकित्सा करतो. वरच्या उत्तरांशी सहमत आहे, आणि आमच्या शास्त्राच्या बाजूनेही काही सांगावंसं वाटतं.

'स्तनपान चहा' नावाचा कल्प, म्हणजे तयार औषध, कुठल्याही ग्रंथात नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या चौथ्या अध्यायात स्तन्यजनन, म्हणजे दूध निर्माण करणारी, म्हणून दहा द्रव्यं दिली आहेत: वाळा, साळी, साठी भात, इक्षुवालिका, दर्भ, कुश, काश अशी मुख्यतः गवतवर्गातल्या वनस्पतींची मुळं. शतावरी त्या दहांत नाही, मेथीही नाही. शतावरी पुढे व्यवहारात आली आणि मी ती वापरतो, चांगली वापरतो. पण नाडी, अग्नी, बाळंतिणीची प्रकृती आणि तिची चालू औषधं पाहून. ऑनलाइन येणारा डबा हे काहीच पाहत नाही. त्याला निफाडची काकूही सारखी आणि थायरॉईडची सूनही सारखीच.

ज्येष्ठमध मी स्वतः उच्च रक्तदाबाच्या रुग्णाला सलग देत नाही. शिवाय त्याने प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध तयार करवणारं संप्रेरक, कमी होऊ शकतं असंही आढळलं आहे. मग दूध वाढवायच्या चहात ते कशासाठी? माझ्या मते गोडीसाठी घालतात.

दोन गोष्टी आणखी. शतावरी कल्पात साखर भरपूर असते. मधुमेहाच्या बाईने चमचे भरभरून खाल्ला तर साखर वाढते आणि दोष शतावरीला जातो. दुसरं दशमूलारिष्ट. बाळंतिणीला ते सर्रास देतात. कुठलंही अरिष्ट किंवा आसव आंबवून बनतं, त्यात स्वयंजनित अल्कोहोल असतं, बाटलीवर टक्केवारी छापलेली असते. सिझरनंतर किंवा टाक्यांसाठी मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक सुरू असेल तर तेवढे दिवस, आणि शेवटच्या गोळीनंतर आणखी तीन दिवस अरिष्ट घेऊ नका. या गोळीवर अल्कोहोल टाळायला सांगतात ते मळमळ, उलटी, धडधड, चेहरा लाल होणं यांच्या भीतीने. बाळंतिणीला उलट्या झाल्या की घरचे दृष्ट काढत बसतात, बाटलीकडे कोणी बघत नाही.

सातपूरची_आई (९ डिसेंबर, रात्री १०:२०)

माझा अनुभव लिहिते. पहिल्यापासून मधुमेह, इन्सुलिनवर आहे. मुलगा झाल्यावर शेजारच्या वहिनींनी मेथीच्या कॅप्सूल दिल्या, दिवसाला सहा. चौथ्या दिवशी पहाटे बाळाला पाजता पाजता हात थरथरायला लागले, घामाने गाऊन भिजला. ग्लुकोमीटरवर ५८. बाळ मांडीवर होतं. नवऱ्याने साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

नंतर डॉक्टरांनी समजावलं. बाळंतपणानंतर इन्सुलिनची गरज तशीच खाली येते, दूध पाजण्यात साखर आणखी खर्च होते, आणि त्यात मेथी साखर उतरवते. तीन गोष्टी एकाच दिशेने ओढत होत्या आणि मी इन्सुलिन जुन्याच हिशोबाने घेत होते. मेथी घ्यायचीच असेल तर आधी सांगा, पाजण्याआधी साखर तपासा आणि रात्री उशाशी गूळ-शेंगदाणे ठेवा, एवढं मला आधी कोणी सांगायला हवं होतं.

पाथर्डीफाटा_बाबा (१० डिसेंबर, सकाळी ६:५०)

इथे बाबांनी लिहिलं तर चालेल ना? बायको थर्मास भरून मेथी-बडीशेपेचा काढा दिवसभर प्यायची. आठवड्याने बाळाच्या लंगोटाला काकवीसारखा गोडसर वास यायला लागला. आम्ही घाबरलो, कारण लघवीला असा वास येणारा एक जन्मजात आजार असतो असं वाचलं होतं. बालरोगतज्ज्ञांचा पहिला प्रश्न, "आई मेथी खाते का?" मेथीतलं एक द्रव्य घामाला आणि लघवीला तसाच वास देतं म्हणे. तरी त्यांनी बाळाला नीट तपासलं, सगळं ठीक निघालं. काढा बंद केल्यावर वास गेला. पण ते मधले चार दिवस आम्ही घरात एकमेकांशी नीट बोललोही नव्हतो.

माझा प्रश्न: बडीशेप तरी बिनधोक ना? आणि बाळाला पोटदुखीसाठी बडीशेपेचं पाणी?

औषधवाला_कॉलेजरोड (१० डिसेंबर, दुपारी ३:४५)

दुकानात दुपारी गर्दी नसते, म्हणून सविस्तर लिहितो.

बडीशेप जेवणानंतर चिमूटभर खाल्ली तर काही नाही. पण थर्मासभर काढा वेगळा. परदेशात दोन नवजात बाळांची नोंद आहे. दोघांच्या आया ज्येष्ठमध, बडीशेप, तिच्याच जातीचं अॅनीस आणि गोट्स रू यांचा मिश्र चहा दिवसाला दोन लिटरहून जास्त पीत होत्या. बाळं सुस्त, अंग सैल, ओढून पिईनात, उलट्या. आयांनी चहा सोडल्यावर दीडेक दिवसात बाळं सुधारली. दोन लिटर खूप झालं, मान्य आहे, पण 'दूध येत नाही, अजून एक कप घे' असं म्हणत म्हणत थर्मास कसा रिकामा होतो हे मी घरात पाहिलंय. यातलं गोट्स रू बाहेरून मागवलेल्या डब्यांवर अजून सापडतं. मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचं मूळ याच वनस्पतीतल्या द्रव्यापर्यंत जातं, म्हणजे साखर उतरवण्यात तेही आलंच. बडीशेपेने सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक रक्तात कमी उतरतं असं उंदरांवरच्या प्रयोगात दिसलंय, म्हणून ती गोळी आणि काढा एका वेळी नको.

बाकी माझ्या काउंटरवर येणाऱ्या चिठ्ठ्या डोळ्यासमोर आणतो. हृदयाची झडप बदललेल्या मुली वॉरफरिनवर, म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीवर असतात. या गोळीबरोबर मेथीचं औषध घेतल्यावर रक्त जास्त पातळ झाल्याची नोंद आहे. त्यांनी कुठलीही मात्रा सुरू करण्याआधी आणि नंतर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते, तपासायलाच हवं. फिट्सच्या फेनिटॉइनवर असलेल्यांनी पिंपळी, पिंपळमूळ, मिरी यांच्याकडे बघा. त्यातलं पायपरिन फेनिटॉइन, प्रोप्रॅनोलॉल अशा औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतं. भाजीतली मिरी नव्हे, रोजचं चूर्ण. शेंगदाणे किंवा हरभऱ्याची अॅलर्जी असेल तर मेथीही सोसेलच असं नाही, तिघं एकाच कुळातली. मेथी पाण्यात बुळबुळीत होते, तो चिकटपणा पोटात गोळ्यांचं शोषण लांबवतो, म्हणून गोळी आणि मेथीत दोन तासांचं अंतर ठेवायला मी सांगतो. अश्वगंधा घातलेला डबा थायरॉईडवाल्यांनी आणि ज्यांना झोपेची किंवा मनाची औषधं सुरू आहेत त्यांनी विचारल्याशिवाय उघडू नये. तिच्याने थायरॉईडचे आकडे वर सरकतात, गुंगी वाढते आणि यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत.

एक वेगळी जोडी. दूध वाढावं म्हणून डॉमपेरिडोन लिहून देतात. त्याच सुमारास स्तनाग्राला बुरशी झाली म्हणून दुसरीकडून फ्लुकोनॅझोल येतं. ही दोन एकत्र आली की हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. दोन डॉक्टर, दोन चिठ्ठ्या, म्हणून दोन्ही चिठ्ठ्या एकाच दुकानात दाखवा.

आणि चहा प्यायच्या आधी दूध कमी करणारं काही चालू नाही ना, ते बघा. सर्दीच्या काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. आठ आयांवरच्या एका छोट्या चाचणीत ६० मिलिग्रॅमच्या एकाच मात्रेने दिवसाचं दूध सरासरी २४ टक्क्यांनी घटलं होतं. इस्ट्रोजेन असलेली पाळणा लांबवायची गोळीही तसंच करते. डिसेंबरातल्या आपल्या गारठ्यात बाळंतीण सर्दीची गोळी घेते आणि दूध आटलं म्हणून चहा मागवते.

नर्सताई_नाशिकरोड (१० डिसेंबर, रात्री ९:३०)

पाथर्डीच्या दादा, बाळाला बडीशेपेचं पाणी नको, ओव्याचं नको, गुटीही नको. सहा महिने फक्त अंगावरचं दूध.

मी प्रसूती विभागात नर्स आहे, स्तनपान समुपदेशन करते. माहेरवाशीण ताई, मला आधी एक सांग, दूध खरंच कमी आहे का? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात छाती मऊ होते ती दूध आटलं म्हणून नाही, शरीराला बाळाच्या मागणीचा अंदाज आला म्हणून. रडण्यावरून मोजू नकोस. चोवीस तासांत सहा किंवा जास्त लंगोट ओले होतात का? वजन रोजचं २० ते ३० ग्रॅम वाढतंय का? होत असेल तर दूध पुरतंय.

पुरत नसेल तर चहाच्या आधी तपासायच्या गोष्टी पुष्कळ आहेत. बाळाने नुसतं टोक तोंडात धरलंय की काळा भागही? रात्री आजी बाळाला वरचं पाजून तुला झोपू देते का? बाळ प्यायलं तरच पुढचं दूध तयार होतं, रात्रीचं पाजणं तर सर्वांत महत्त्वाचं. रक्त कमी असणं, वारेचा तुकडा आत राहणं, थायरॉईड कमी पडणं, यानेही दूध घटतं. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासते. तिच्या २०२० च्या आढाव्यात दूध वाढवणाऱ्या औषधांच्या आणि वनस्पतींच्या ४१ चाचण्या एकत्र पाहिल्या, तिथे वनस्पतींचा थोडा फायदा दिसतो पण पुरावा फार कच्चा आहे. म्हणून मी काढा पहिल्या दिवशी कोणालाच सांगत नाही.

ताई, थायरॉईडची गोळी किती वाजता आणि कशाबरोबर घेतेस, ते लिही. मला तिथेच शंका आहे.

इंदिरानगरची_माहेरवाशीण (११ डिसेंबर, पहाटे ४:००)

सगळ्यांचे मनापासून आभार. परवा सकाळीच फोन केला, लगेच बोलावलं. लघवी आणि रक्त तपासलं, बीपीच्या गोळीची मात्रा वाढवली, चहा बंद करायला सांगितला. डबा मी सोबत नेला होता. तिथल्या मॅडमनी लेबलचा फोटो काढून फाइलला जोडला.

नर्सताई, तुमचा प्रश्न वाचून रडू आलं. पहाटे सहाला आई साध्या चहाचा कप आणून देते. सोयीचं पडतं म्हणून थायरॉईडची, कॅल्शियमची आणि लोहाची गोळी मी त्याच कपाबरोबर एकदमच घेते. बाळंतपणापासून रोज.

नर्सताई_नाशिकरोड (११ डिसेंबर, सकाळी ७:१५)

रडू नकोस. हे माझ्याकडे दर आठवड्याला कोणीतरी सांगतं, कारण डिस्चार्जच्या कागदावर 'सकाळी' एवढंच लिहिलेलं असतं. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉक्सिनला, म्हणजे तुझ्या थायरॉईडच्या गोळीला, पोटात धरून ठेवतात, गोळी अंगी लागतच नाही. थायरॉक्सिन पहाटे पाजायला उठशील तेव्हा पाण्याबरोबर. लोह आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी, तीही एकमेकांपासून वेगळी: एक दुपारी, एक रात्री. लोहाच्या आगेमागे तासभर साधा चहासुद्धा नको. टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, नाहीतरी सहा आठवड्यांनी करायचंच असतं, ते आत्ताच कर आणि बाळाचं वजन करून घे.

वैद्य_पंचवटी (११ डिसेंबर, दुपारी २:००)

डब्याबद्दल एक सांगायचं राहिलं. काही डबे अन्न म्हणून विकले जातात, त्यांवर अन्नसुरक्षेचा १४ आकडी क्रमांक असतो. काही आयुर्वेदिक औषध म्हणून, त्यांवर औषधनिर्मितीचा परवाना क्रमांक असतो. औषध असेल तर प्रत्येक द्रव्य किती आहे हे लिहिलेलं असायला हवं. नुसती नावं असलेल्या डब्यात ज्येष्ठमध चिमूटभर आहे की अर्धा डबा, ते मलाही सांगता येणार नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून सुटी पुडी आणलीत, तर दुकानदाराकडून प्रत्येक पुडीवर नाव लिहून घ्या.

औषधवाला_कॉलेजरोड (११ डिसेंबर, दुपारी ४:१०)

वैद्यबुवांच्या म्हणण्यात भर. चहा, काढा, चूर्ण, कशानेही त्रास झाल्याचा संशय आला तर १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवता येतं, औषधांच्या दुष्परिणामांची राष्ट्रीय नोंद तिथे होते. डॉक्टरच हवेत असं नाही, तुम्हीही कळवू शकता. ज्यांना इंग्रजी वाचायला जमतं त्यांनी लॅक्टमेड बघा, स्तनपानातल्या औषधांचा हा फुकट कोश अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या साइटवर आहे. मेथी, शतावरी, बडीशेप, लॅबेटालॉल, प्रत्येकाचं स्वतंत्र पान आहे. मी रोज उघडतो.

इंदिरानगरची_माहेरवाशीण (२ जानेवारी, रात्री ११:३५)

कळवते म्हटलं होतं, उशीर झाला.

टीएसएच १४ निघालं, म्हणजे बरंच जास्त. डॉक्टरांनी मात्रा न वाढवता आधी वेळ नीट पाळायला सांगितलं, सहा आठवड्यांनी पुन्हा तपासणी. बीपी परवा १२८/८२. चहामुळे किती वाढलं होतं आणि आपोआप किती उतरलं, हे सांगता येत नाही असं मॅडम स्पष्ट म्हणाल्या, गोळीही वाढवली होतीच. बाळाचं वजन मधल्या काळात दिवसाला १५ ग्रॅमच वाढत होतं, म्हणजे दूध खरंच कमी होतं. नर्सताईंनी व्हिडिओवर पकड दुरुस्त करून दिली, रात्रीचं वरचं दूध हळूहळू बंद केलं. गेल्या आठवड्यात रोजचे २६ ग्रॅम.

आईला वाईट वाटत होतं, पहाटेचा कप तीच आणून द्यायची. आता तिने फ्रिजवर कागद लावलाय: पहाटे पाचला पांढरी गोळी आणि पाणी, नऊला आणि रात्री नऊला बीपीची, दुपारी दोनला लोह, रात्री जेवणानंतर कॅल्शियम. खाली तिच्या अक्षरात, 'मेथीचा लाडू एक, चार वाजता.' निफाडच्या काकू, तुमच्या सूनबाईंसाठी त्याचा फोटो पाठवू का?

निफाडची_काकू (३ जानेवारी, सकाळी ६:२०)

पाठव गं बाई. मोठ्या अक्षरात लिहून घेईन, माझा चष्मा जवळचा आहे.